मधल्या जागी तेलाने काय करावे

आमच्या कापूस कारखान्यातल्या गाठी बांधायच्या प्रेसचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह सतरा सप्टेंबर रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कोणतीही पूर्वसूचना न देता निकामी झाला. 'पूर्वसूचना न देता' हे शब्द डायरेक्टरसाहेबांचे. प्रेसचा फिटर उस्ता, म्हणजे उस्ताद, होल्दोर याने व्हॉल्व्ह शेवटच्या घटका मोजतोय असं चार वेळा लेखी कळवलं होतं आणि ते चारही कागद मीच फाइलला लावले होते. पण कळवलं होतं ते उस्ताने. व्हॉल्व्हने स्वतः काहीच कळवलं नव्हतं, आणि चौकशीच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा ठरला.

मी नुसरत, कारखान्याचा चिटणीस. फरगाना खोऱ्यातल्या या कारखान्यात सदतीस हंगाम मी सभांची इतिवृत्तं लिहीत आलोय. माझं अक्षर सुंदर आहे आणि आजवर एकाही इतिवृत्तात चूक निघालेली नाही, कारण ती कोणी वाचलेली नाहीत.

हा व्हॉल्व्ह नेमकं करतो काय, ते उस्ताने मला एकदा प्रेसजवळ बसवून सांगितलं होतं. पंप तेल ढकलतो. व्हॉल्व्हच्या एका कॉइलला वीज दिली की तेल एका बाजूने जातं आणि दट्ट्या रुई दाबतो. दुसऱ्या कॉइलला दिली की दट्ट्या मागे येतो. दोन्हींना दिली नाही की स्प्रिंगा आतला दांडा मधोमध आणून ठेवतात.

"मग मधोमध असताना तेल काय करतं?" मी विचारलं.

"नुसरत अका, लाख मोलाचा प्रश्न विचारलात," उस्ता खूश होऊन म्हणाला. वयाने मी मोठा, म्हणून अका. "आपला पंप जुन्या वळणाचा. त्याला हळू ढकल म्हटलेलं कळत नाही. दहा मिनिटांत प्रेस दाबतो दोन मिनिटं. आठ मिनिटं रुई भरण्यात आणि तारा बांधण्यात जातात. त्या आठ मिनिटांत तेलाला टाकीत परत जायला मोकळी वाट पाहिजे. वाट असली की पंप गाणं म्हणत बसतो. वाट बंद केली तर तेल सगळा जोर लावून सेफ्टी व्हॉल्व्हमधून घुसतं आणि त्या जोराची होते नुसती आग. म्हणून व्हॉल्व्ह घेताना फक्त मधली जागा बघायची. बाकी कंपनी कुठलीही असू दे."

एवढंच होतं. एका माणसाने एका कागदावर एक ओळ लिहिली असती तर आठवड्यात व्हॉल्व्ह आला असता. पण कारखान्यात निवड ही गोष्ट एका माणसाने करायची नसते.

मंगळवारी आदेश निघाला. दहा नोव्हेंबरपर्यंत प्रेसने दिवसाला एकशे वीस गाठी न दिल्यास जबाबदार व्यक्तीस कामावरून कमी करण्यात येईल. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात उस्ता होल्दोरचं नाव होतं. 'व्हॉल्व्हची निवड' या रकान्यात समितीचं नाव होतं. दोन्ही रकाने माझ्याच हातचे, शेजारीशेजारी, आणि मधली रेघ मी पट्टीने मारली होती. उस्ताने आदेश दोनदा वाचला. चौतीस वर्षं तो या एका प्रेसवर होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं अशी त्याची इच्छाही नव्हती.

"अका, निवड त्यांनी करायची आणि घरी मी जायचं?"

"निवड करताना तूही असशील ना. समितीत सहावं नाव तुझंच आहे."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "मला दोन मिनिटं बोलू दिलं की पुष्कळ."

समितीची बैठक गुरुवारी, पाहुण्यांच्या खोलीत, पुलावासह ठरली. आमच्याकडे पुलावाशिवाय घेतलेला निर्णय टिकत नाही. दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या जागी मामाराजब ओता बसले. वय चौऱ्याऐंशी, म्हणून सगळ्यांचे ओता, म्हणजे बाबा. वीस वर्षांपूर्वी ते या कारखान्याचे डायरेक्टर होते आणि तेव्हापासून प्रत्येक समितीचे सन्माननीय अध्यक्ष आहेत. त्यांच्या शेजारी डायरेक्टर अझमत कोदिरोविच, मग खरेदी विभागाच्या हुर्मत ओपा, म्हणजे हुर्मतताई, मग कामगार संघटनेचे प्रतिनिधी, ज्यांचं नाव कामगारांनाही आठवत नाही, मग मी. आणि अगदी दारापाशी उस्ता, कारण छप्पन्न वर्षांचा तो आमच्यात सगळ्यात धाकटा होता. धाकट्याने चहा ओतायचा असतो. व्हॉल्व्ह ज्याला कळत होता, त्याच्या हातात किटली होती.

हुर्मत ओपांनी विक्रेत्याचं माहितीपत्रक जेवणाच्या दस्तरखानावर, नानच्या आणि मुळ्याच्या मध्ये पसरलं. आकार, दाब, प्रवाह, व्होल्ट आणि खाली चौकोनांची, बाणांची बारीक चित्रं. ओतांनी बोट व्होल्टवर ठेवलं.

"चोवीस? हे काय आहे, चोवीस?"

"कॉइलचा व्होल्टेज, ओता," डायरेक्टर म्हणाले.

"नदीपलीकडच्या कारखान्यात किती आहे?"

"दोनशे वीस, बहुतेक."

"मग आपण चोवीसवर का राहायचं रे पोरा? आपण काय भिकेला लागलोय?"

दोनशे वीस मंजूर झालं. दारापाशी किटलीचं झाकण वाजलं. उस्ताचं पॅनेल चोवीसचं होतं. पण मधे एखादी रिले टाकून ते भागवता येईल, असा विचार करून तो गप्प राहिला असावा. शहाणा माणूस आपली दोन मिनिटं मोठ्या गोष्टीसाठी राखून ठेवतो.

मग मोठी गोष्ट आली. डायरेक्टरांनी चष्मा लावून चित्रं पाहिली.

"या पहिल्या चित्रात मधल्या चौकोनात बाण टाकीकडे जातोय. म्हणजे काय?"

"म्हणजे मधल्या जागी तेल काही न करता टाकीत परत जातं, असं विक्रेत्याने सांगितलंय," हुर्मत ओपा म्हणाल्या.

"काही न करता?"

"पंप तेवढा वेळ विश्रांती घेतो म्हणे."

डायरेक्टरांनी चमचा खाली ठेवला. "ओपा, हंगामात? आपलं परिपत्रक क्रमांक नऊ काय सांगतं? नुसरत, वाच."

मी पाठ म्हटलं, "हंगामाच्या काळात कोणतीही व्यक्ती, वाहन अथवा यंत्रणा विनाकारण रिकामी राहणार नाही."

"कपाशीच्या शेतात बायका पहाटेपासून वाकल्यात, ट्रॅक्टर रांगेत उभे आहेत, आणि आपण पंपाला विश्रांती देणारा व्हॉल्व्ह विकत घ्यायचा? वरून कोणी विचारलं तर मी काय सांगू? आमच्याकडे तेल फिरायला जातं?" त्यांनी दुसऱ्या चित्रावर बोट टेकवलं. "हे बघा. इथे मधल्या चौकोनात चारही दारं बंद. हा कसा शिस्तीचा वाटतो."

"मलाही हाच घरंदाज वाटतो," हुर्मत ओपा म्हणाल्या. "पहिल्यात सगळं कसं उघडंवाघडं."

कामगार प्रतिनिधी म्हणाले की कामगारांचा शिस्तीला नेहमीच पाठिंबा राहिला आहे. मी म्हणालो की चिटणिसाला मत नसतं. हे मी नम्रपणे म्हणालो, आणि म्हणताना उस्ताकडे पाहिलं नाही.

आता उस्ताची पाळी होती. त्याने किटली खाली ठेवली, हात पुसले, टोपी नीट केली आणि घसा खाकरला. त्या खाकरण्याने मामाराजब ओता जागे झाले. पुलावाचं ताट रिकामं दिसलं, सगळे गप्प दिसले. जेवण आटोपलं असं समजून त्यांनी दोन्ही तळहात वर केले.

"घरात बरकत राहो, हंगाम सुखाचा जावो, या नव्या बंद दारांच्या व्हॉल्व्हला दीर्घायुष्य लाभो. ओमिन."

"ओमिन," आम्ही सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. उस्तानेही फिरवले. दुसरं करणार काय? दुआ झाल्यावर आमच्याकडे माणूस ताटातला भाताचा दाणा उचलत नाही, मग मंजूर झालेला व्हॉल्व्ह कुठून उचलणार?

बाहेर व्हरांड्यात त्याने माझी बाही धरली. "अका, मी बोललोच नाही."

"मी तसं नमूद करतो ना."

आणि मी केलं. 'उस्ता होल्दोर यांनी कोणतीही हरकत नोंदवली नाही.' वाक्य शब्दशः खरं होतं.

व्हॉल्व्ह ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आला. निळा, चकचकीत, खोक्यात जपून ठेवलेला. डायरेक्टरांनी फीत कापली. उस्ताने रिले टाकून तो बसवला आणि टाकीच्या थर्मामीटरजवळ स्टूल घेऊन बसला. सकाळी चाळीस अंश. दुपारी सदुसष्ट. संध्याकाळी पंच्याऐंशी. पंप वेड लागल्यासारखा ओरडत होता. तेल पाण्यासारखं पातळ झालं, सील मऊ पडले, दट्ट्या धापा टाकत वर जायला लागला. त्या दिवशी एकसष्ट गाठी झाल्या.

उस्ताने पाचवा अर्ज लिहिला. डायरेक्टरांनी त्यावर शेरा मारला: 'व्हॉल्व्ह समितीने एकमताने निवडला आहे. तेलाने सहकार्य करावे.' आवारात कापसाच्या गंजी ताडपत्रीखाली वाढत होत्या. पश्चिमेकडे ढग जमायला लागले होते. गंजीत एकदा पाणी शिरलं की कापूस आतून काळा पडतो. उस्ता रोज सकाळी प्रेसकडे जायच्या आधी गंजीत कोपरापर्यंत हात घालून बघायचा.

इथे आमच्या आचाऱ्याचा, युल्दोशचा, संबंध येतो. थंडी पडली की आमच्या भागात नळातला गॅस मेणबत्तीएवढा जळतो. युल्दोश एक दिवस प्रेसकडे आला, टाकीवर हात ठेवून 'आई गं' म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी कणकेचं पातेलं आणून टाकीवर ठेवलं. कणीक तासाभरात फुगून झाकणाबाहेर आली. मग त्याने चहाच्या किटल्या आणल्या. मग प्लंबरला धरून टाकीत तांब्याच्या नळीचं वेटोळं सोडलं आणि स्वयंपाकघरात गरम पाणी आलं. प्लंबर कामसू होता. त्याने नळी पुढे आंघोळीच्या खोलीत नेली, मग डायरेक्टरांच्या खोलीतल्या रेडिएटरला, मग पाहुण्यांच्या खोलीत, मग सगळ्या कचेरीत. माझ्या टेबलाखालीसुद्धा एक रेडिएटर आहे. सदतीस वर्षांत पहिल्यांदा मी कोट काढून इतिवृत्त लिहिलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

डायरेक्टरांनी वर अहवाल पाठवला. मसुदा माझा: 'हायड्रॉलिक यंत्रणेच्या मधल्या स्थितीतून दुय्यम उष्णतेची निर्मिती व तिचा सामाजिक विनियोग.' प्रांतातून चार जणांचं शिष्टमंडळ आलं. त्यांनी टाकीला हात लावला, हात झटकला, टाळ्या वाजवल्या. गाठी किती होतात असं त्यातल्या एकाने विचारलं तेव्हा बाकीच्या तिघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा रेडिएटरची स्तुती करायला लागला. पंधरा दिवसांनी मानपत्र आलं आणि मानपत्रासोबत उद्दिष्ट आलं: तेलाचं तापमान महिनाअखेर नव्वद अंशांपर्यंत न्यावं.

प्रेसजवळ रोजच्या गाठी लिहायचा फळा होता, त्यावर आता अंश लिहिले जाऊ लागले. प्रेस चांगला चाललाय का, याचं उत्तर कामगार गरम पाण्याचा नळ उघडून देऊ लागले. पण दहा नोव्हेंबरचा आदेश तसाच होता. तो रद्द करायचं कोणाला सुचलं नाही, कारण रद्द करण्यासाठी समिती लागली असती.

"अका," उस्ता एका दुपारी माझ्या खोलीत आला, रेडिएटरकडे बघत उभा राहिला. "नव्वद अंश हवेत आणि एकशे वीस गाठीही हव्यात. दोन्ही कसं होणार?"

"तू डायरेक्टरांना विचार."

"विचारलं. म्हणाले, उद्दिष्टांमध्ये विरोध नसतो, विरोध माणसाच्या मनात असतो."

"मग?"

"मग काय? घरी बसायचं. बायको म्हणते, तू घरी बसलास तर दोन दिवसांत मला वेड लावशील. मी त्या प्रेसचा बोल्ट न् बोल्ट ओळखतो हो. तो माझ्या डोळ्यांदेखत जळतोय."

त्याचे डोळे भरले होते. मी त्याला चहा दिला. चहा टाकीवरच गरम झालेला होता, हे आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. त्याने प्याला न उचलताच तो परत सरकवला.

रविवारी कारखाना बंद असतो. उस्ता कोकंदच्या जुन्या यंत्रांच्या बाजारात गेला. विटांच्या एका बंद पडलेल्या प्रेसवरचा, मधे मोकळी वाट असलेला व्हॉल्व्ह शोधून काढला, केरोसिनने धुतला आणि संध्याकाळच्या आत बसवून टाकला. सोमवारी पंप गाणं म्हणायला लागला. मी स्वतः ऐकलं. दट्ट्या सपासप वर, सपासप खाली. तार बांधणाऱ्या बायका ओरडायला लागल्या, "उस्ता, जरा दम खाऊ द्या की, हात आहेत का यंत्र?" संध्याकाळपर्यंत एकशे एकतीस गाठी झाल्या. दोन गंजी जमिनीला टेकल्या. तेल चव्वेचाळीस अंश. उस्ता टाकीला गाल लावून उभा होता आणि हसत होता. त्याला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पण सकाळी अकरालाच डायरेक्टरांचा रेडिएटर गार पडला होता. साडेअकराला मामाराजब ओता भेटीला आले आणि साडेबाराला शिंकले.

समिती दुसऱ्याच दिवशी, दहा तारखेला बसली. तीच खोली, तीच माणसं. फरक एवढाच, की सगळे कोट घालून बसले होते. चहा यावेळी मी ओतला, कारण आरोपीने चहा ओतण्याची पद्धत नाही.

"तुम्ही मंजूर व्हॉल्व्ह काढून टाकलात?" डायरेक्टरांनी विचारलं.

"हो. पण साहेब, गाठी बघा. एकशे एकतीस."

"गाठींबद्दल कोणी तक्रार केली आहे का? नुसरत, आहे का तक्रार?"

"नाही," मी म्हणालो.

"तक्रार उष्णतेची आहे. तुम्ही भर हंगामात पंपाला विश्रांती दिलीत. ओतांना सर्दी झाली."

"आणि माझ्या कचेरीतल्या बायका हातमोजे घालून बसल्यात," हुर्मत ओपा म्हणाल्या. "उस्ता, तुम्हाला इतकी वर्षं आम्ही भला माणूस समजत होतो. पुलावाला बोलावलं, दुआ झाली, तुम्हीही ओमिन म्हणालात. आणि पाठीमागे जाऊन भंगारातला व्हॉल्व्ह लावता? ओतांची दुआ तुम्हाला कमी पडली?"

"ओपा, मला त्या दिवशी बोलायचं होतं. पाळी आली आणि..."

"मग बोलायचं होतंत!"

उस्ताने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे उत्तर होतं, पण चिटणिसाला मत नसतं हे मी आधीच नोंदवून बसलो होतो. मला लाज वाटली. खरंच वाटली, कान तापले. त्या दिवशी खोलीत तेवढीच ऊब होती.

ठराव झाला. निळा व्हॉल्व्ह परत बसवावा. त्या एकशे एकतीस गाठी अमान्य व्हॉल्व्हवर बांधल्या गेल्याने उत्पादनात ग्राह्य धरू नयेत. त्या वगळता दहा नोव्हेंबरपर्यंत एकाही दिवशी एकशे वीसचा आकडा गाठला गेला नसल्याने आदेशानुसार जबाबदार व्यक्तीस कमी करावं. मामाराजब ओतांनी नाक पुसलं, तळहात वर केले आणि उस्ताच्या पुढच्या आयुष्यासाठी मनापासून दुआ मागितली. म्हातारा मनाचा फार चांगला आहे.

बारा तारखेला पाऊस आला. गंजींचं काय झालं ते मी लिहीत नाही, कारण त्यासाठी वेगळी समिती नेमली आहे.

पण उस्ता गप्प बसला नाही. त्याने ताश्केंदला अर्ज लिहिला. मागणी साधी: एक इंजिनिअर पाठवा, त्याने अर्धा तास मधली जागा बघावी, आणि माझं चुकलं असेल तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही. अर्जाला दहा साक्षीदारांच्या सह्या हव्यात, असा नियम. तो आठवडाभर फाटकापाशी उभा राहिला. तार बांधणाऱ्या बायकांनी त्याच्या हातात गरम नान ठेवले आणि म्हणाल्या, "उस्ता, तुमचंच खरं." युल्दोशने मिठी मारली, म्हणाला, "तुझंच खरं, पण माझं स्वयंपाकघर रे..." कामगार प्रतिनिधी म्हणाले की कामगार मनाने त्याच्यासोबत आहेत. चारशे माणसांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली. सही एकानेही केली नाही.

शेवटी तो माझ्याकडे आला. मी त्याला समजावलं की चिटणीस सही करत नाही, तो फक्त 'खरी प्रत' असा शिक्का मारतो. शिक्का मी मारला, अगदी सरळ मारला. त्याने अर्ज माझ्या टेबलावर ठेवला, रेडिएटरकडे एकदा बघितलं आणि निघून गेला.

तर मंडळी, तुम्ही इथवर वाचलंत म्हणजे व्हॉल्व्ह तुम्हाला कळला आहे, आमच्या डायरेक्टरांपेक्षा जास्तच कळला आहे. उस्ताचं बरोबर होतं याबद्दल तुमच्या मनात शंका नाही, आणि आमच्या सगळ्यांवर, विशेषतः माझ्यावर, तुम्ही चिडलाही असाल. उत्तम. अर्ज इथेच आहे. दहाच्या दहा ओळी कोऱ्या आहेत. नाव, पत्ता, नोकरीचं ठिकाण आणि आपल्या वरिष्ठांचं नाव, एवढंच लिहून खाली सही करायची. हे घ्या पेन.

काय म्हणता, चष्मा घरी राहिला? मग हे एवढं सगळं वाचलंत कशाने?